जमीन रिकामी नसते
लष्करी तळ, पुरातत्त्व आणि जनतेचा हक्क

झाशी : दक्षिण कोरियाच्या दक्षिणेस जेजू नावाचे बेट आहे. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गांगजंग हे मच्छीमारांचे आणि संत्री पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव. तेथे नौदलाचा मोठा तळ उभारण्याचे त्या देशाच्या सरकारने ठरविले, तेव्हा गावकऱ्यांनी प्रथम जो मार्ग धरला तो लोकशाहीचा होता. एप्रिल २००७ मध्ये सुमारे एकोणीसशे लोकवस्तीच्या या गावातील अवघ्या ८७ जणांना एका सभेत जमवून टाळ्यांच्या गजरात तळाला 'संमती' मिळविण्यात आली होती. या लबाडीला उत्तर म्हणून २० ऑगस्ट २००७ रोजी गावाने स्वतःच रीतसर मतदान घेतले. ७२५ जणांनी मत दिले. त्यांपैकी ६८० जणांनी तळाला विरोध केला. सरकारने या मतदानाची दखल घेतली नाही. कुंपणे उभी राहिली, यंत्रे आली.

२०११ च्या सप्टेंबरात मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. बांधकामाच्या जागेवर इसवी सनापूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष सापडले. प्राचीन घरांचे खड्डे उघडे पडले, आणि सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा पुढे करून कामाला खीळ घालावी, ही मागणी जोराने पुढे आली. जेथे अवशेष होते तेथील काम उत्खननासाठी रोखणे सरकारला भाग पडले. ६८० जिवंत माणसांच्या मतांनी जे यंत्र थांबले नव्हते, ते दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या चुलींनी काही काळ का होईना थांबविले!

या घटनेत समाधान मानावे असे काही आहे काय? आहे, परंतु चिंता करावी असे त्याहून अधिक आहे. कारण ही विश्रांती अल्पजीवी ठरली. ७ मार्च २०१२ रोजी गुरोंबी नावाचा, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा ज्वालामुखीजन्य अखंड खडक सुरुंग लावून फोडण्यास सुरुवात झाली. या खडकाला गावकरी पवित्र मानीत. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी वीस युद्धनौका सामावून घेणाऱ्या तळाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी नौदलाने आंदोलनामुळे काम लांबल्याची भरपाई म्हणून आंदोलकांवर ३ अब्ज ४० कोटी वॉनचा दावा लावला. पुढे सरकार बदलल्यावर, २०१७ च्या अखेरीस, तो मागे घ्यावा लागला. आपली जमीन आणि समुद्र गमावणाऱ्या माणसानेच ती हिरावून घेणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी, हा वर्गीय न्यायाचा नमुना आपल्या देशातील विस्थापितांना नवा वाटणार नाही.

बेटांचा दुहेरी इतिहास

जेजूची निवड योगायोगाने झालेली नाही. ३ एप्रिल १९४८ रोजी याच बेटावर, कोरियाची कायमची फाळणी करणाऱ्या स्वतंत्र दक्षिणी निवडणुकीविरुद्ध, डाव्यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. दक्षिण कोरिया तेव्हा अमेरिकन लष्करी प्रशासनाखाली होता. उठाव चिरडण्यासाठी पुढील काही वर्षांत जे हत्याकांड झाले, त्यात पंचवीस ते तीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. बेटाच्या लोकसंख्येचा हा सुमारे दहावा हिस्सा होता. त्या हत्याकांडाबद्दल राष्ट्राध्यक्षांनी २००३ मध्ये जनतेची क्षमा मागितली आणि २००५ मध्ये जेजूला 'शांतीचे बेट' म्हणून घोषित केले. त्याच 'शांतीच्या बेटावर' दोन वर्षांत युद्धनौकांच्या तळाची घोषणा व्हावी, यातच साम्राज्यवादी व्यूहरचनेच्या छायेत जगणाऱ्या राष्ट्रांची शोकांतिका सामावलेली आहे.

जपानच्या ओकिनावा बेटावरील हेनोको येथील कथा हिची जुळी बहीण शोभावी अशी आहे. तेथे अमेरिकन तळाच्या विस्तारासाठी उथळ समुद्र बुजविण्यात येत आहे. त्या समुद्रात डुगाँग म्हणजे समुद्रगाय हा दुर्मीळ प्राणी चरतो. जपानी कायद्याने हा प्राणी सांस्कृतिक संपदा म्हणून संरक्षित आहे. या एका धाग्याचा आधार घेऊन पर्यावरणवादी आणि ओकिनावाचे रहिवासी २००३ मध्ये थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेले. तेथील ऐतिहासिक वारसा कायद्याचे पालन संरक्षण खात्याने केलेले नाही, असा निकाल न्यायालयाने २००८ मध्ये दिला. मात्र पुढे खात्याने कागदोपत्री सोपस्कार पूर्ण केले. २०१८ मध्ये आणि अपिलात २०२० मध्ये निकाल खात्याच्या बाजूने गेला. दोन्ही बेटांचा धडा एकच आहे. वारशाचा कायदा लष्करी यंत्रणेला क्षणभर अडवितो, पण तो तिची दिशा बदलू शकत नाही. दिशा बदलण्याचे सामर्थ्य संघटित जनतेतच असते. मग वारशाच्या या कायद्यांचे मोल तरी काय? हा प्रश्न आपण आपल्या देशाच्या संदर्भात विचारला पाहिजे.

छावणी आणि किल्ला

या ओळी झाशीत लिहिल्या जात आहेत. लष्करी सत्ता आणि वारसा यांचा संबंध काय असतो, हे समजून घेण्यासाठी या शहराला कोरियाकडे पाहण्याची गरज नाही. ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांगरा टेकडीवर बांधलेला किल्ला, पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी अठराव्या शतकात त्याला जोडलेला शंकरगढ, आणि नेवाळकरांची राजवट हा इतिहास मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोझच्या फौजा शहरात शिरल्या, तेव्हा जी कत्तल आणि लूट झाली तिचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवला. तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांच्या हत्येबरोबर झाशीच्या ग्रंथसंग्रहाच्या विध्वंसाचीही नोंद त्या वृत्तान्तात आहे. विजेत्याने माणसे मारली आणि त्यांची स्मृतीही मारली.

पुढे किल्ल्यात गोऱ्यांची पलटण राहिली. पंचमहाल या जुन्या वास्तूवर इंग्रजांनी आपल्या सोयीचा मजला चढविला. तो आजही पाहता येतो. ज्या ठिकाणी स्वातंत्र्याचे युद्ध लढले गेले, ते जिंकणाऱ्यांचे निवासस्थान झाले. किल्ला आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, राणीमहालात नवव्या ते बाराव्या शतकातील शिल्पे ठेवलेली आहेत, हे चांगलेच आहे. परंतु हे संरक्षण स्वातंत्र्यानंतर स्वराज्याच्या राज्यसंस्थेने दिले, साम्राज्याने दिलेले नाही, याचा विसर पडता कामा नये.

साम्राज्याचा पुरातत्त्वाशी असलेला संबंध नेहमीच असा दुटप्पी राहिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाया १८६१ मध्ये घालणारे अलेक्झांडर कनिंगहॅम हे स्वतः बंगाल इंजिनिअर्समधील लष्करी अधिकारी होते. त्यांच्या परिश्रमांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण ज्या हडप्प्याच्या विटांचे महत्त्व जगाला १९२० च्या दशकात कळले, त्याच विटा १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली खडीऐवजी टाकण्यात आल्या होत्या. या रेल्वेमार्गांचे प्रयोजन फौजा आणि कच्चा माल वाहून नेणे हे होते. जगातील एका आद्य नागर संस्कृतीचा चुरा करून तिच्यावरून साम्राज्याची गाडी अक्षरशः धावली.

हे जुन्या काळातच घडत होते असे कोणी समजू नये. २००३ मध्ये इराकवर चढाई केल्यानंतर अमेरिकेने बॅबिलोन या प्राचीन नगरीच्या अवशेषांवरच लष्करी छावणी थाटली. हेलिकॉप्टर उतरविण्यासाठी जमीन सपाट केली, खंदक खणले, आणि पुरातन थरांतील माती वाळूच्या पोत्यांत भरली. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी २००५ च्या आरंभी या हानीचा अहवाल जगापुढे ठेवला. सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपदेचे रक्षण करण्याचा १९५४ चा हेग करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला होता. स्वतःला सुसंस्कृत जगाचे नेते म्हणविणाऱ्या अमेरिकेला त्यासाठी २००९ आणि ब्रिटनला २०१७ उजाडावे लागले. बॅबिलोनची नासधूस आटोपल्यावर हे शहाणपण सुचले!

आपल्या घरचे बेट : अंजदीव

साम्राज्यवाद्यांकडे बोट दाखविणे सोपे असते. कसोटी लागते ती प्रश्न आपल्या घरात आल्यावर. म्हणून अंजदीवचा विचार केला पाहिजे.

कारवारच्या किनाऱ्यालगतचे हे छोटे बेट प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचे आहे. अरबी समुद्रावरील संघर्षाचा जवळजवळ प्रत्येक अध्याय त्याच्यावर लिहिला गेला. बेटाचे नाव आर्यादुर्गा देवीवरून पडले आणि तिचे स्थान पुढे अंकोल्याकडे हलविले गेले, असे परंपरा सांगते. १४९८ मध्ये वास्को द गामा येथे थांबला. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला आणि वर्षभरातच सोडला. मुंबई बेट आंदण म्हणून मिळाल्यानंतर ते ताब्यात घ्यायला आलेल्या इंग्रज सैनिकांना १६६२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ येथेच अडकून पडावे लागले. त्यांचा सेनापती शिपमन आणि बहुसंख्य सैनिक रोगराईने येथेच मेले. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी बेटावर तटबंदी उभारण्याचा विचार केला, तेव्हा त्यांना शह देण्यासाठी पोर्तुगीजांनी घाईने पुन्हा किल्ला बांधला. ब्रोटास मातेचे चर्च आणि तिची वार्षिक यात्रा ही त्यानंतरची. त्या यात्रेला गोवा आणि कारवार या दोन्ही बाजूंचे भाविक होड्यांनी जात.

नोव्हेंबर १९६१ मध्ये याच बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळीबार केला, आणि १८ डिसेंबरला भारतीय नौदलाने हे बेट मुक्त केले. त्या लढाईत नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. वसाहतवादाच्या शेवटच्या किल्ल्यांपैकी एकावर तिरंगा फडकला, तो त्यांच्या रक्ताने. याचा अभिमान प्रत्येक वसाहतवादविरोधी माणसाला असलाच पाहिजे.

परंतु पुढे काय झाले? १९८६ मध्ये 'सीबर्ड' प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. कारवार आणि अंकोला तालुक्यांतील तेरा गावांची सुमारे अकरा हजार एकर जमीन प्रकल्पाकडे गेली. हजारो कुटुंबे विस्थापित झाली. त्यांत कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारे मच्छीमार, शेतकरी व शेतमजूर होते. वाजवी मोबदल्यासाठी त्यांना दशकानुदशके न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मे २००५ मध्ये 'आयएनएस कदंब' हा तळ कार्यान्वित झाला. अंजदीव बेट लाटारोधक बांधाने किनाऱ्याला जोडले गेले, ते पूर्णपणे नौदलाच्या ताब्यात गेले, आणि सुरक्षेच्या कारणास्तव शतकांची यात्रा बंद झाली.

येथे भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वतंत्र भारताचे नौदल आणि जेजूच्या परिसरात घिरट्या घालणारे साम्राज्यवादी आरमार यांना आम्ही एकाच मापाने मोजत नाही. भारताला किनारपट्टीचे रक्षण करावेच लागेल. १९७१ मध्ये अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागरात आले होते, हे आपण विसरलेलो नाही. प्रश्न तळ असावा की नसावा इतका साधा नाही. तळ उभारताना कोणाला विचारले, कोणाचे काय घेतले, त्यांना काय दिले, आणि जे घेतले त्याची नोंद तरी ठेवली काय, हा प्रश्न आहे. साम्राज्यवादाला हे प्रश्न विचारणे निरर्थक असते. प्रजासत्ताकाला ते विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य असते. जे प्रजासत्ताक या प्रश्नांना देशद्रोह म्हणू लागते, ते आपल्या पूर्वीच्या मालकांची भाषा बोलू लागलेले असते.

'रिकामी' या शब्दाचे राजकारण

भाषांतराचे काम करणाऱ्याला सरकारी शब्दांकडे संशयाने पाहण्याची सवय लागते. जमीन बळकावण्याच्या प्रत्येक दस्तऐवजात, मग तो इंग्रजी असो, हिंदी असो की मराठी, एक शब्द हमखास भेटतो. जमीन 'पडीक' असते, 'बंजर' असते, 'निर्जन' असते, 'अविकसित' असते. ज्या जमिनीवर गावची गुरे चरतात ती पडीक. ज्या समुद्रात सकाळी जाळी पडतात तो मोकळा. दिएगो गार्सिया बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चागोसवासीयांना १९६८ ते १९७३ या काळात हुसकावून लावताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जगाला हेच सांगितले होते की तेथे कायमचे रहिवासी नाहीतच. आज ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळविण्यास मंजुरी देताना, शोम्पेन आणि निकोबारी लोकांच्या भूमीकडे याच नजरेने पाहिले जात आहे.

पुरातत्त्वाचे खरे मोल येथे कळते. गांगजंगला सापडलेल्या घरांच्या खड्ड्यांनी एवढेच सिद्ध केले की ही जमीन रिकामी नाही आणि कधी नव्हती. येथे माणसांनी जाळी विणली, चूल पेटविली, मुले वाढविली. खापराचा तुकडा सोन्याचा नसतो, तो कोणा राजाचाही नसतो. तो कुंभाराच्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्रमाची साक्ष असतो. राजांचे विजय शिलालेखांत कोरले जातात. श्रमणाऱ्यांचा इतिहास बहुधा मातीच्या थरांतच शिल्लक राहतो. तो थर वाचण्याआधी खरवडून काढणे म्हणजे कष्टकऱ्यांच्या इतिहासाचे एकमेव पान फाडणे होय. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील टेकड्या, लेणी आणि ग्रामदेवतांची स्थाने पायी पालथी घालून इतिहासलेखनाची जी मार्क्सवादी दृष्टी दिली, तिचे सार हेच आहे.

नियोजनाने काय साधते

विकासाचे काम आणि पुरातत्त्व यांचे हाडवैर असते, हा प्रचारही खोटा आहे. कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा नागार्जुनकोंडा ही इक्ष्वाकूंची प्राचीन राजधानी पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. १९५४ पासून १९६० पर्यंत सहा वर्षे तेथे विस्तृत उत्खनन करण्यात आले. विहार, स्तूप, घाट, क्रीडागार यांची नोंद झाली, आणि महत्त्वाच्या वास्तू जलाशयातील टेकडीच्या बेटावर व काठावर पुन्हा उभारण्यात आल्या. धरणही झाले आणि इतिहासही वाचला.

त्याच सुमारास सोव्हिएत सहकार्याने इजिप्तमध्ये आस्वान धरण उभे राहत होते. अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून, उचलून वरच्या पातळीवर नेण्यात आली; त्यासाठी अनेक राष्ट्रांनी युनेस्कोमार्फत मदत केली. भिन्न समाजव्यवस्थांची राष्ट्रे एका मंदिरासाठी एकत्र आली, ही गोष्ट साधी नाही. मात्र प्रामाणिकपणे हेही नोंदविले पाहिजे की, दगड जितक्या काळजीने हलविले गेले तितक्या काळजीने नूबियन जनतेला हलविले गेले नाही. एक लाखाच्या आसपास माणसांचे गाव, खजुरीच्या बागा आणि नदीकाठ पाण्याखाली गेले. नागार्जुनसागरच्या आणि आपल्या इतर धरणांच्या विस्थापितांचा अनुभव वेगळा नाही. तेव्हा दगडांना वाचवून माणसांना वाऱ्यावर सोडणारे वारसाप्रेमही आम्हाला मान्य नाही. माणूस आणि त्याचा इतिहास यांचा हक्क एकच आहे, आणि तो एकत्रच मागितला पाहिजे.

एरचच्या विटा

आता पुन्हा झाशीकडे येऊ. फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संरक्षण-उद्योग पट्ट्याची घोषणा झाली. त्याच्या सहा केंद्रांपैकी झाशी हे एक. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीचे औचित्य साधून, पंतप्रधानांनी येथे भारत डायनॅमिक्सच्या ४०० कोटी रुपयांच्या कारखान्याची कोनशिला बसविली. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची चालक यंत्रणा तेथे बनावयाची आहे. या केंद्रासाठी निवडलेली जमीन गरौठा तालुक्यात, एरचच्या परिसरात आहे.

सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना बुंदेलखंडात येत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. दुष्काळाने पिचलेल्या, रोजगारासाठी दिल्ली-सुरतेच्या गाड्या पकडणाऱ्या येथील तरुणांना स्थिर नोकऱ्या हव्याच आहेत. त्या कंत्राटी नसाव्यात आणि स्थानिकांना मिळाव्यात, ही मागणी आपण करीतच राहू. पण एरच म्हणजे काय, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक असावयास हवे.

बेतवेच्या काठचे एरच हे पाली वाङ्मयात दशार्ण देशाचे नगर म्हणून येणारे एरकच्छ होय, असे अभ्यासक मानतात. येथे लेख कोरलेल्या विटा आणि प्राचीन नाणी सापडली आहेत. त्यांवरून, इतर कोणत्याही ग्रंथात ज्यांचा पत्ता लागत नव्हता अशा स्थानिक राजांची नावे इतिहासाला कळली. येथेच पंधराव्या शतकाच्या आरंभीची मशीद आहे, आणि तिच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे दगड आहेत. दोन हजार वर्षांची सलग वस्ती सांगणारी अशी ठिकाणे बुंदेलखंडात मोजकीच आहेत.

सत्ताधाऱ्यांना एरच आठवते ते हिरण्यकश्यपूची राजधानी आणि होळीचे जन्मस्थान म्हणून. लोककथेचा आदर करावा. तीही जनतेचीच निर्मिती आहे. परंतु दंतकथेचे उत्सव आणि पुराव्याची उपेक्षा ही जोडी शंकास्पद असते. जो पक्ष मशिदींखाली मंदिरे शोधण्यासाठी न्यायालयांत धावतो, त्याला कारखान्यांच्या नकाशाखाली काय आहे हे तपासण्याची तितकीच घाई दिसत नाही. त्याला पुरातत्त्व हवे आहे ते माणसामाणसांत भांडण लावण्यापुरते. सामान्य विटेवरील लेखात त्याला रस नाही, कारण त्या विटेतून दंगल पेटत नाही.

कायद्यातील खिंडारे

याबाबत कायदा काय सांगतो? प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये ते परवानगीच्या अधीन आले. परंतु हे कवच संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांनाच आहे. जे अजून जमिनीखाली आहे, ज्याची यादीत नोंद नाही, त्याला या कवचाचा उपयोग नाही. अकस्मात सापडलेल्या वस्तूंसाठी मुख्य आधार १८७८ च्या निखात निधी कायद्याचा. तो दहा रुपयांहून अधिक किमतीच्या 'खजिन्या'ची वर्दी द्यावयास सांगतो. खापराच्या तुकड्याची किंमत दहा रुपये भरते काय, हे आता कोणी ठरवावे!

असलेले कवचही भेदण्याचे प्रयत्न झाले आहेत. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांसाठी १०० मीटरची मनाई उठविणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले. राज्यसभेत विरोधकांच्या आग्रहामुळे ते प्रवर समितीकडे गेले आणि त्या लोकसभेच्या मुदतीत कायदा होऊ शकले नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून मुळातच वगळले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील संमतीची आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अट काढून टाकण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये जो वटहुकूम निघाला, त्यातही संरक्षणाचे नाव पहिल्या रांगेत होते. तो वटहुकूम शेतकऱ्यांच्या देशव्यापी विरोधामुळे २०१५ च्या ऑगस्टमध्ये सरकारला सोडून द्यावा लागला. जेथे गावांचे मत वाऱ्यावर गेले होते, तेथे संघटित शेतकऱ्यांनी सरकारला नमविले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

मागण्या

गांगजंगपासून एरचपर्यंतच्या या अनुभवातून पुढील मागण्या निघतात.

पहिली, कोणत्याही मोठ्या प्रकल्पासाठी, तो संरक्षण खात्याचा असला तरी, जमीन ताब्यात घेण्यापूर्वी स्वतंत्र पुरातत्त्वीय पाहणी कायद्याने सक्तीची करावी, आणि तिचा अहवाल स्थानिक भाषेत ग्रामसभेपुढे ठेवावा. यातील खरोखरच गोपनीय असा तांत्रिक तपशील वगळता येईल. गावाखाली काय पुरले आहे हे काही लष्करी गुपित नव्हे.

दुसरी, काम चालू असताना अवशेष सापडल्यास ते त्या ठिकाणी तत्काळ थांबावे आणि उत्खननाला नागार्जुनकोंड्याप्रमाणे पुरेसा काळ व पैसा मिळावा. मजुरांना त्या काळातील रोजी मिळालीच पाहिजे. अन्यथा अवशेष सापडल्याची खबर देणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे होईल, आणि कुदळीखाली आलेली प्रत्येक वीट मुकाट्याने गाडली जाईल.

तिसरी, विस्थापितांचा मोबदला व पुनर्वसन हे कामापूर्वी पूर्ण व्हावे. सीबर्डच्या विस्थापितांनी जी वाट पाहिली, तिची पुनरावृत्ती गरौठ्यात होता कामा नये.

चौथी, अंजदीवसारख्या ठिकाणी ठरावीक दिवशी, आवश्यक त्या तपासणीसह, भाविकांना आणि अभ्यासकांना प्रवेश द्यावा. वर्षातून एक दिवस होडीने येणाऱ्या यात्रेकरूंमुळे धोक्यात येईल इतके आपले नौदल दुर्बल नाही.

या मागण्या मवाळ आहेत, असे कोणी म्हणेल. त्या मवाळच आहेत. पण त्यांच्या पाठीशी शक्ती कोणती उभी राहते यावर त्यांचे फळ अवलंबून आहे. गांगजंगच्या आंदोलकांनी पुरातन घरांच्या खड्ड्यांचा आधार घेतला यात चूक काहीच नव्हती. हाती येईल ते शस्त्र दुर्बलाने वापरलेच पाहिजे. परंतु सारी भिस्त त्या एका शस्त्रावर ठेवता येत नाही. अवशेष खणून, मोजून, पेटीत घालून संग्रहालयात पाठविले की कायद्याचे काम संपते आणि यंत्र पुन्हा सुरू होते. त्या अवशेषांच्या शेजारी आज राहणारी माणसे पेटीत घालता येत नाहीत. ती एकत्र उभी राहिली, कामगार आणि शेतकऱ्यांच्या संघटना त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, इतिहासाच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांना आपले ज्ञान पुरविले, तरच त्या जुन्या चुलींची साक्ष न्यायासनापुढे टिकते.

देशाचे रक्षण म्हणजे नकाशावरील रेषेचे रक्षण इतकेच नव्हे. त्या रेषेच्या आत कोण राहिले, कोणी श्रम केले, कोणी काय निर्माण केले, याच्या स्मृतीचे आणि ते निर्माण करणाऱ्यांच्या वंशजांच्या हक्कांचे रक्षण हाही त्याचाच भाग आहे. झाशीच्या किल्ल्यावरून १८५८ मध्ये जे लढले, त्यांनी जमिनीचा रिकामा तुकडा राखला नाही. त्यांनी एक नांदते शहर राखण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या जयंतीला कोनशिला बसविणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.